दोन घरांत दाखवलेलं मूल

माझ्या धाकट्या भावाला देवीडॉक्टरनं एकाच दुपारी दोनदा तपासलं आणि वहीत दोन नावांनी लिहिलं. एकदा त्याच्या स्वतःच्या नावानं, आणि एकदा शेजारच्या घरातल्या मुलीच्या नावानं. पहिल्या घरातून दुसऱ्या घरात त्याला कडेवर घेऊन गेले ती मी. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. नऊ वर्षांच्या पोरीला काय कळतंय, असं म्हणून लोक मला सोडून देतील. पण मला सगळं कळत होतं, आणि तेच माझं दुखणं आहे.

आमचं गाव निपाणीपासून दोन कोसांवर. पुढं रस्ता, मागं परसू, परसाच्या पलीकडं शेजारच्या जैनांचं परसू, आणि मधे काटक्या-मातीचा कूड. घरं दोन वेगवेगळ्या गल्ल्यांत, पण पाठीला पाठ लावून बसलेली. ती माणसं आमच्यासारखीच शेतकरी, तंबाखूच्या रानात राबणारी. घरात कानडी बोलायची आणि कुडापाशी आली की मराठी. त्या घरची सून चिकोडीकडची. तिला आम्ही आक्का म्हणायचो. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीतलं "जेवलात का" सोडून काही येत नव्हतं. माझ्या आईनं तिला बोलायला शिकवलं, त्यामुळं तिच्या मराठीत आईच्या सगळ्या खोडी उतरल्या होत्या. रागावली की ती हुबेहूब आईसारखी "व्हय व्हय, कळलं" म्हणायची, आणि आम्ही पोरं हसायचो.

आक्काकडून कुडावरून ताक यायचं, शेंगदाण्याची चटणी यायची, सणाला होळीगी, म्हणजे पुरणपोळी, यायची. आमच्याकडून खायचं काही जायचं नाही. आमच्या घरी मटण शिजायचं, मग आमच्या भांड्यातलं पाणीसुद्धा त्या घराला कसं चालणार? आम्ही द्यायचो ते सूप, दोर, पाटी, असलं. आईला ते लागायचं. ती कधी बोलली नाही, पण ताकाचा तांब्या रिकामा परत करताना तो राखेनं दोनदा घासायची, आणि घासताना कुणाशी तरी भांडल्यासारखं तोंड करायची.

त्या हिवाळ्यात दोन्ही घरांत तान्ही लेकरं होती. आमच्याकडं माझा भाऊ, आठ-नऊ महिन्यांचा. आक्काकडं तिची पहिली लेक, त्याच्याहून पंधरा दिवसांनी लहान.

थंडी पडली की देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, देवीडॉक्टर यायचा. तो खरा डॉक्टर नव्हता, सरकारी टोचणारा होता, पण गावानं त्याला ती पदवी देऊन टाकली होती. तट्टावर बसून यायचा. त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी, पेटीत स्पिरिटचा दिवा, टोचायचं हत्यार, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काचेच्या बारीक नळ्या. त्या नळ्यांतली लस बेळगावाहून येते, तिकडं वासरांच्या पोटावर देवी उगवतात आणि त्यातून ती काढतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तराळ दवंडी द्यायचा आणि बाया पोरं घेऊन चावडीवर जायच्या. म्हणजे काही जायच्या, काही रानात पळायच्या.

आमच्या घरी वाद झाला नाही. माझ्या वडिलांचं तोंड देवीच्या वणांनी भरलेलं होतं, एक डोळा त्यातच गेलेला. ते आईला एवढंच म्हणाले, "माझं त्वांड बघ आन् पोराला घिऊन जा."

शेजारी मात्र आक्काच्या सासूनं अन्नपाणी सोडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. वासराला छळून काढलेला पू आपल्या नातीच्या अंगात जाणार, हे पाप ती घरात येऊ देणार नव्हती. त्या म्हातारीला अडाणी म्हणणं सोपं आहे. मीही म्हणत असे. पण प्लेगाच्या सालात सरकारी माणसं तिच्या घरात शिरली होती, घराची कौलं उतरवली होती, आणि तिच्या नवऱ्याला उचलून गावाबाहेरच्या छपरात नेलं होतं. ती रोज भाकरी घेऊन जायची. एक दिवस ती भाकरी तशीच परत घेऊन आली. त्यानंतर सरकारचं माणूस दारात आलं की ती उंबऱ्यावर आडवी बसायची. ज्याची भाकरी अशी परत आलीय, त्याला टोचून घ्या म्हणून सांगायला जरा विचार करून तोंड उघडावं.

पण पाटलाचं माणूस दारात येऊन उभं राहिल्यावर आक्काला चावडीवर जावंच लागलं. ती आणि आई बरोबर गेल्या, मी मागं मागं. दोन्ही पोरांच्या दोन्ही दंडांवर दोन-दोन ठिकाणी टोचलं. दोघं एका सुरात रडली. परत येताना गावविहिरीपाशी आक्का थांबली. जनावरांच्या डोणीतलं पाणी तिनं मला ओंजळीनं घालायला सांगितलं. मी घातलं. तिनं लुगड्याच्या पदरानं लेकीचे दंड खसाखसा पुसले आणि कनवटीला बांधून आणलेली राख वर चोळली. आई बघत उभी होती. "मामी म्हणत्यात, पुसलं न्हाईस तर तुझ्या हातचं पाणी पिणार न्हाय," आक्का म्हणाली, सासूला ती मामी म्हणायची, आणि मग जरा वेळानं, "माझं मलाबी कसंतरीच होतंय गं वैनी. वासरूच त्ये."

आई म्हणाली, "असू दे. पोर कुठं पळून चाललीया? पुढच्या साली काढ."

मला वाटतं, तिथं आई "आक्का, पुसू नगं" म्हणाली असती, तर आक्कानं ऐकलं असतं. ती आईचं ऐकायची.

आठव्या दिवशी देवीडॉक्टर पुन्हा आला. देवी उठल्या की नाही ते घरोघर फिरून बघायचं आणि वहीत लिहायचं, हा त्याचा रिवाज. नाही उठल्या तर पुन्हा टोचायचं. माझ्या भावाच्या दंडांवर चार टपोरे फोड आले होते, हरभऱ्याएवढे. आक्काच्या लेकीचे दंड लोण्यासारखे साफ.

सकाळीच आक्का कुडापाशी आली. तिनं काही मागितलं की आई विचार न करता द्यायची, पण आजचं मागणं तिच्या तोंडातून निघेना. शेवटी म्हणाली, "वैनी, तुझं बाळ घटकाभर देतीस?"

आईच्या तोंडावर जे आलं ते मी बघितलं. मला वाटलं होतं ती घाबरेल. ती फुलली. ज्या घराला आमच्या घागरीतलं पाणी चालत नव्हतं, त्या घराला आमचं पोर चाललं होतं. आज इतक्या वर्षांनी मला तिचा राग येतो आणि कीवही येते. माणसाला आपलं कुणाला तरी लागावं, असं किती वाटतं!

दुपारी देवीडॉक्टर आमच्या घरी आला. भावाचे दंड बघून खूश झाला. "वा, चारही चांगल्या," म्हणाला, वहीत लिहिलं, आणि गल्लीच्या टोकाकडं निघाला. तिथून वळसा घालून तो पलीकडच्या गल्लीत जाणार, तोवर चार घरं मधे. मी भावाला कडेवर मारला, परसातून कुडाच्या भगदाडातून पलीकडं गेले. आक्कानं त्याला लेकीचं झबलं घातलं, कुंची चढवली, डोळ्यांत काजळ ओढलं. तिची स्वतःची लेक आतल्या खोलीत पाळण्यात निजली होती. मी तिथंच दाराआड उभी राहिले.

देवीडॉक्टर आला. सोप्यात, पुढच्या ओसरीत, बसला. आक्कानं पोर पुढं केलं. त्यानं बाही वर केली, आणि तेवढ्यात माझ्या भावानं मला दाराच्या फटीतून बघितलं. त्यानं दोन्ही हात माझ्याकडं पसरले आणि भोकाड पसरलं. देवीडॉक्टरनं मान वळवली.

"तू मघाशी त्या घरात होतीस, नव्हं?" तो म्हणाला.

मी मान हलवून हो म्हटलं. त्यानं पोराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग बाहेर अंगणातल्या उन्हाकडं बघितलं. अजून त्याला अर्धं गाव फिरायचं होतं आणि दिवस बुडायच्या आत निपाणी गाठायची होती. त्यानं दौतीत टाक बुडवला आणि मुलीचं नाव विचारलं. आक्कानं सांगितलं. त्यानं लिहिलं.

त्याला कळलं होतं का, हे मला कधीच नक्की ठरवता आलं नाही. काही वर्षं मी म्हणायचे, कळलं होतं. काही वर्षं म्हणायचे, त्याला रोज शंभर पोरं बघायची, त्याला काय आठवणार.

आईनं त्या संध्याकाळी गूळ वाटला, आम्हा भावंडांना, उगाच. दोघी बायांना वाटलं, सरकारला चांगलं चुकवलं. महिनाभर कुडापाशी त्या एकमेकींकडं बघून हसायच्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. कुणाचं नुकसान झालंय, असं कुणाला दिसत नव्हतं.

पुढचा हिवाळा आला तेव्हा पोरगी दीड वर्षाची झाली होती. "पुढच्या साली काढ" असं आई म्हणाली होती, पण आता कशी काढणार? वहीत काढून झालेल्या होत्या. देवीडॉक्टर नवीन जन्मलेल्या पोरांची यादी घेऊन आला नि गेला. आक्काच्या दारावरून जाताना त्यानं मान वर केली नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, चैत्रात, गावात देवी आल्या. आधी वरच्या आळीतल्या एका पोराला, मग त्याच्या आजीला. दारांना लिंबाचे डहाळे लागले. फोडण्यांचे वास बंद झाले, कारण घरात देवी असली की फोडणी द्यायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. सगळं गाव कुजबुजत चालल्यागत झालं. आक्काची लेक तेव्हा दोन वर्षांची. चुरूचुरू बोलायची, अर्धं कानडी, अर्धं मराठी. कुडाच्या भगदाडातून ती आमच्याकडं यायची आणि माझ्या भावाला दटावायची. त्याला चालता येत होतं, पण तिला वाटायचं नाही, म्हणून त्याचं बोट धरून त्याला "बा कंदा, बा" म्हणत ओढायची. तिची आई तिला जसं "ये बाळा, ये" म्हणायची, तसं.

साथ आल्याचं कळताच देवीडॉक्टर तातडीनं आला. या वेळी दवंडी नव्हती. तो वही घेऊन दारोदार जात होता आणि राहिलेल्यांना तिथल्या तिथं टोचत होता. मी आक्काच्या दारात होते. आक्का उंबऱ्यावर उभी, लेक तिच्या कडेवर, आणि लेकीचं एक बोट माझ्या मुठीत. देवीडॉक्टर थांबला, वहीची पानं उलटली.

"हिच्या निघाल्यात," तो म्हणाला. "चारही उत्तम. हिला काही भीती नाही." आणि चालू लागला.

"सायेब," आक्का म्हणाली.

तो वळला. आतून सासूचा आवाज आला, "यारू?" म्हणजे, कोण आहे?

आक्काचं तोंड उघडं होतं. मी वर तिच्याकडं बघत होते. मग ती म्हणाली, "पाणी घेणार काय?"

"नको बाई, वेळ नाही," म्हणून तो गेला.

मी बोलू शकत होते. माझी कुणी सासू आत बसलेली नव्हती. "सायेब, हिच्या काढलेल्या न्हाईत," एवढे चार शब्द. मी ते मनात म्हटलेसुद्धा. पण आई मारील, आक्का रागावेल, आणि आपण दाराआड उभ्या होतो ते बाहेर पडेल, असं सगळं एकदम आलं. तो वळणापर्यंत गेला तोवर मी मनात म्हणत होते. मग तो दिसेनासा झाला. पोरीचं बोट अजून माझ्या मुठीत होतं.

बारा-पंधरा दिवसांनी तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी पुरळ आला. मग कुणी आम्हांला पलीकडं जाऊ दिलं नाही. आईनं भगदाडात काट्यांची पेंढी रोवली. मी त्या काट्यांतून बघायची. आतल्या खोलीचं दार नेहमी बंद असायचं. पोरीच्या अंगावर सुईच्या अग्राएवढी जागा रिकामी राहिली नाही, असं लोकांकडून कळलं. पहिले दोन-तीन दिवस तिच्या रडण्याचा आवाज यायचा, मग त्याचं कण्हण्यासारखं काहीतरी झालं, आणि एका सकाळी तेही नव्हतं. माझा भाऊ त्या काट्यांपाशी उभा राहून "बा, बा" म्हणून हाका मारत होता. आईनं त्याला उचलून घरात नेलं आणि दार लावून घेतलं. त्याच्या अंगावर एक फोड उठला नाही.

त्या दिवसापासून मला झोपेत, जागेपणी, कधीही ते बोट हातात असल्यासारखं वाटायचं. मी मूठ उघडून बघायची. लग्न होऊन सासरी आल्यावरही ते गेलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही, लोक म्हणाले असते, झपाटलंय.

गावात मात्र वेगळंच सुरू झालं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही आमच्या गावाची जुनी खोड. वाकून बघितल्यावर गावाला एवढंच दिसलं, की आक्काच्या लेकीच्या देवी काढलेल्या होत्या, वहीत तसं लिहिलेलं आहे, आणि तरी ती गेली. मग टोचायचं कशाला? कुणी म्हणालं, टोचलं म्हणूनच गेली. वासरू घरात शिरलं, देवी कोपली. तिच्या दंडांवर टोचल्याचे वण होते का, हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्या अंगावर काय दिसणार होतं? सासू तोंड उघडणार नव्हती; ती सोडली तर खरं तीन माणसांना ठाऊक होतं. आक्का, आई आणि मी. चौथा असलाच, तर तो निपाणीत राहत होता.

पुढच्या थंडीत देवीडॉक्टर आला. दवंडी झाली. चावडीवर एक बाई आली नाही. त्यानं दिवा पेटवला, विझवला, पुन्हा पेटवला. आम्ही पोरं लांबून बघत होतो. पुरुषमाणसं जमली होती ती भांडायला. तो वही उघडून दाखवू लागला, किती पोरं टोचली नि वाचली ते. एक म्हातारा म्हणाला, "त्याच वहीत त्या पोरीचंबी नाव हाय न्हवं? मग ठिव की वही." लोक हसले. त्यानं वही मिटली. दिवसभर तो तिथं बसून राहिला आणि रात्री पाटलाकडं मुक्कामाला थांबला.

आमच्या घरी आणखी एक लेकरू झालं होतं, माझी बहीण, पाच महिन्यांची. आईनं तिला नेलं नाही. ज्या बाईला खरं काय ते ठाऊक होतं, तीच घरात बसून राहिली! वडील तंबाखूच्या गाड्या घेऊन परगावी गेले होते. मी आईला विचारलं तर म्हणाली, "गाव करील ते राव काय करील? समदं गाव न्हाय म्हणतंय. आपुन एकटंच गेलो तर इचारतील, तुझाच कसा इस्वास हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का आली. लेक गेल्यापासून ती कुडाकडं फिरकली नव्हती. तिनं काट्यांची पेंढी ओढून बाजूला टाकली आणि आमच्या परसात उभी राहिली. आई सुपात जोंधळे पाखडत होती. माझी बहीण बाजूला गोधडीवर निजली होती. आक्कानं तिच्याकडं बघितलं.

"हिला न्हेली न्हाईस?"

आई पाखडत राहिली.

"वैनी, तुला तर ठावं हाय."

"बोलू नगं," आई म्हणाली. "तुझी सासू तुला जित्ती ठिवायची न्हाय. माझ्या दादल्याला कळलं तर माझी धडगत न्हाय. गेली ती गेली. आता परत येनार हाय व्हय?"

मला वाटलं, आक्का रडेल. ती रडली नाही. तिनं आईच्या हातातलं सूप धरलं, पाखडणं थांबवलं, आणि म्हणाली, "हीबी जाईल." मग तिनं सूप सोडलं आणि आमच्या घरातून, आमच्या सोप्यातून, पुढच्या दारानं बाहेर पडली. ती आमच्या घराच्या आत आलेली मी त्या एकदाच बघितली.

आईनं सूप खाली ठेवलं. मग बहिणीला उचलून तिच्या मागं धावली, आणि मी भावाला घेऊन आईच्या मागं.

जैनांची सून एकटी चावडीवर येते, हे आमच्या गावानं कधी बघितलं नव्हतं. माणसं आपोआप बाजूला झाली. आक्का पाटलासमोर उभी राहिली. तिनं पदर डोक्यावर घट्ट धरला होता, आवाज मात्र सगळ्यांना ऐकू येत होता.

"माझ्या लेकीच्या देवी काढल्याच न्हाईत," ती म्हणाली. "म्या पुसल्या. हिरीवर न्हेऊन पुसल्या, राख लावली. तपासायला सायेब आले तवा दुसरंच प्वार दावलं. टोचल्यानं ती गेली न्हाय. म्या पुसलं म्हणून गेली. तुमी तुमची पोरं आना."

देवीडॉक्टर पेटीवर हात ठेवून उभा होता. पाटलानं विचारलं, "मग सायबानं बघितलं ते प्वार कुणाचं?"

आई चार हातांवर उभी होती. मी तिच्या शेजारी. माझ्या कडेवर भाऊ होता. त्याला आक्का दिसली होती आणि तो तिच्याकडं झेपावत होता. मी त्याला दाबून धरलं. आक्कानं आमच्याकडं मान वळवलीसुद्धा नाही.

"माझ्या भैनीचं," ती म्हणाली. "चिकोडीस्नं आलती."

देवीडॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. थेट माझ्याकडं, त्या घोळक्यातून. मग त्यानं नजर खाली केली आणि स्पिरिटचा दिवा पुसू लागला. आई काही बोलली नाही. मी काही बोलले नाही. आईनं एवढंच केलं, की ती पुढं गेली आणि तिनं बहिणीची कुंची काढून तिचा दंड त्याच्यासमोर धरला. मग कुणीतरी घरी गेलं आणि बायकोला घेऊन आलं. दुपारपर्यंत रांग लागली. त्या दिवशी नळ्या कमी पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा यावं लागलं.

लोकांचा विश्वास असा परत आला. वहीवर त्यांनी पुन्हा काही विश्वास ठेवला असेल असं मला वाटत नाही. त्यांनी एका बाईचं ऐकलं, कारण आपलं घर जळत असताना खोटं कोण बोलणार? आणि त्यातही ती एक खोटं बोललीच, आमच्यासाठी.

आक्काला सासूनं चार दिवसांत माहेरी धाडलं. गाडी आमच्याच गल्लीतून गेली. आईनं दार लावून घेतलं होतं. त्या घरात वर्षभरात दुसरी सून आली. आईनं कूड लिंपून घेतला, भगदाड बुजवलं. आमच्या घरात आक्काचं नाव पुन्हा निघालं नाही.

माझं लग्न होऊन मी बेळगावजवळ उचगावला आले. भाऊ शिकला, मास्तर झाला, आणि काकतीकडच्या एका शाळेत लागला. मोठा गुणी, बोलायला फर्डा. इंग्रज जायच्या गोष्टी चालल्या होत्या त्या दिवसांत मी चार दिवस त्याच्याकडं राहायला गेले. शाळेत टोचणारे यायचे होते आणि बाया तयार नव्हत्या. भावानं त्यांना शाळेच्या ओट्यावर जमवलं. मीही जाऊन मागं बसले.

तो म्हणाला, "मी तुम्हांला माझ्या गावातली गोष्ट सांगतो. आमच्या घरामागं एक अडाणी बाई राहायची. तिनं आपल्या लेकीची लस पुसून टाकली, आणि सरकारला फसवायला दुसऱ्याचंच मूल पुढं केलं. आपल्या अडाणीपणानं तिनं पोटची पोर मारली." ही गोष्ट तो नेहमी सांगत असावा. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं बसलेलं होतं. गावात मागं राहिलेली गोष्ट तेवढीच होती. त्याला तेवढीच माहीत होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याचा राग नव्हता तो. मी उठून उभी राहिले.

"ती अडाणी नव्हती," मी म्हणाले. "आणि ते मूल तू होतास. मी तुला नेलं होतं. आईनं दिलं होतं. आक्का दारात पोर घेऊन उभी होती नि सायेब वही बघून निघून गेला, तेव्हा मी तिथं होते. मी बोलले असते तर ती जगली असती. त्या बाईनं सगळं आपल्या अंगावर घेतलं. आम्ही घेऊ दिलं."

माझ्या भावानं टेबलाचा कोपरा धरला होता. बाया माझ्याकडं वळून बघत होत्या. त्यांतली एक, कडेवर पोर असलेली, माझ्याच वयाची, हळूच म्हणाली, "मग त्या बाईचं पुढं काय झालं वो आक्का?"

ती जिवंत होती की नाही, तेसुद्धा मला माहीत नव्हतं. आमच्या गावापासून चिकोडी बैलगाडीनं एका दिवसाची वाट. वीस वर्षांत मी कुणाला विचारलंच नव्हतं.